जांभळ्या जिभांचा रविवार

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (पूर्ण वाकलो असं समज, कंबर परवानगी देत नाही). तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला हटला का? इथं थंडी अशी आहे की गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवला की ते किंचाळतं.

तर वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई तुला माहीत आहेतच (नसतील, दोन वर्षांत त्यांच्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, यावरूनच तू ओळखायला हवं होतंस). मोठ्या माणसांना समूहगान शिकवतात. त्यांच्या चष्म्याचा स्क्रू मी अकरा वेळा आवळला आणि दर वेळी “सैल झाला होता” एवढंच बोललो. गेल्या शनिवारी कळलं, कार्यक्रम आठवड्यावर आणि बाईंचा आवाज साफ बसलाय. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही! कृती विचारायला तुला फोन केला नाही, कारण तू आधी “कुणासाठी?” विचारलं असतंस. स्वतःच्या अकलेनं सफरचंदाचा रस उकळायला ठेवला. आलं, दालचिनी, लवंग, जायफळ (पहिलं जायफळ किसताना फ्रिजखाली गेलं, तिथंच आहे). मसाले स्वच्छ कापडात बांधून सोडायचे असतात म्हणे. स्वच्छ म्हणजे कोरं, असा हिशेब करून तू पाठवलेला जांभळा रुमाल घेतला. वास काय सुटला ताई! जिन्यातली माणसं उगाच माझ्या दाराशी बुटाच्या नाड्या बांधायला लागली.

रविवारी दुपारी तालमीच्या वेळी पातेलं घेऊन वर गेलो. रंग जरा गडद होता, पण मी तो दालचिनीच्या खाती टाकला. सोळाच्या सोळा गायकांनी दोन-दोन कप रिचवले, बाईंनी तीन. मी कृतार्थ. मग सगळ्यांनी सूर लावायला ‘आ’ केला आणि त्यांच्यातला दंतवैद्य पांढराफटक पडला. “कुणी हलू नका,” म्हणाला आणि टॉर्च घेऊन एकेकाचं तोंड तपासत सुटला. सोळा जिभा, सोळाही जांभळ्या! मला पातेल्यात तरंगणारा रुमाल दिसला. तो आता जवळजवळ पांढरा होता. मी कबूल केलं. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. कुणीतरी पळत खाली माझ्या घरी जाऊन रुमालाचं वेष्टन आणलं. त्यावर छापलं होतं, रंग जांभळाच्या रसाचा, म्हणजे खाण्याचाच निघाला, पण तोवर माझं अर्धं रक्त आटलं होतं.

बाईंनी आरशात जीभ पाहिली. आवाज नव्हता, म्हणून नुसत्याच हसल्या, खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या हसण्यातच घशातून एक बारीकशी किंचाळी निघाली. सात दिवसांतला पहिला आवाज! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, “उद्या परत आणा. एकट्यानेच या.”

गेलो. त्यानंतर रोज जातोय.

तुझा,
धाकटा

ता. क. भावोजींना यातलं काही सांगू नकोस. (सांगशीलच. निदान जिभांपर्यंतच सांग.)

दुसरा ता. क. पुढच्या रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. बाई तुला एकटीला गाठून विचारणार आहेत, मी घोरतो का. ताई, लहानपणापासून तुझ्याकडे काही मागितलं नाही. एवढं एकदाच खोटं बोल.