दोन तिरक्या रेघा

प्रिय डोरीन,

आपली नात मेरेडिथ विवाह समुपदेशक होणार आहे. त्यासाठी आधी एम.ए., मग काही वर्षं वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम, शेवटी परीक्षा. तेव्हा कुठे परवाना. पहिलाच गृहपाठ स्वतःच्या कुटुंबाचा नकाशा. नवरा-बायकोला जोडणाऱ्या रेषेवर वेगळं राहणाऱ्यांसाठी एक तिरकी रेघ मारतात, घटस्फोटासाठी दोन.

आपल्यावर दोन होत्या.

"एकच ठेव ना," मी म्हणालो.

"लबाडी नको हं, आजोबा! बाई नापास करतील. आजीला परत बोलवा, दोन्ही खोडते."

मी खिडकीबाहेर बघत शाळेतली कविता म्हणू लागलो.

"झालं सुरू! आजी घर सोडून निघाली तेव्हाही तुम्ही कविताच म्हणत होतात म्हणे."

'थांब' एवढंच म्हणायचं होतं, डोरीन. पण तसं म्हणणारी कविता आम्हाला शाळेत नव्हती.

हेही पत्र टपालात न टाकणारा,
तुझा ऑर्विल