एका कोईवेच्या झाडासाठी

प्रिय बाबा,

सप्टेंबर लागला, हिवाळा सरला, रानात कळ्या फुटल्या. गारठा अजून आहे, पण मी दोन मोजे घालते. आईचा गुडघा कसा आहे?

रानाचा मालक म्हणाला होता, ढोलीतल्या सुतारपक्ष्याचा फोटो दाखव, मग ते जुनं कोईवेचं झाड तोडणार नाही. काल अर्नोल्दोकाकांबरोबर निघाले. वाटेत चुकाव पक्षी डावीकडून ओरडला आणि काका ओंडक्यावर बसलेच.

“हा अपशकुन. पदवी तुझ्याकडे आहे, तू जा!”

“तोंड फिरवून बसा, म्हणजे तो उजवीकडे येईल.”

“जीभ अगदी बापाची!”

एकटीच गेले. तुम्ही तोडण्याआधी ठोकता तसं बुंध्यावर दोनदा ठोकलं. ढोलीतून लाल डोकं बाहेर आलं. फोटो स्पष्ट आला.

मालकाने शब्द पाळला. ते झाड राहील, भोवतालची सगळी सोमवारी तुटतील. “तू एकच मागितलं होतंस ना?” म्हणाला. खरं आहे. त्याला दिलेल्या अर्जात मी एकच झाड लिहिलं होतं.

बाबा, तुमचा जन्म रान तोडण्यात गेला. एकटं उरलेलं झाड वाऱ्यात किती वर्षं टिकतं? माझं मन राखायला नको, खरं तेच लिहा.

तुमची लेक,
इसोलिना