आईचा रंगनाथ

बनशंकरी, बेंगळूरु
३ डिसेंबर २०२४

ति. अण्णास,
संपदाचा नमस्कार. इकडे सगळं सरी आहे. थंडी स्वल्प वाढली आहे, तेवढे आईचे गुडघे कुरकुरतात.

नव्या घराच्या भिंतीसाठी ते चित्र हवं म्हणून तू कळवलंस. सोबत पाठवत आहे. फोनवरच बोलले असते, पण फोनवर मी भांडते आणि तुझी मीटिंग निघते.

काचेवर गंधाचे डाग आहेत. मी मुद्दाम पुसले नाहीत. आप्पांच्या वर्षश्राद्धाला तू आला नाहीस, इटलीहून हे जुनं छापचित्र तेवढं पाठवलंस. कसलं आहे ते सांगितलं नाहीस. कोरीव खांब, वर कमान, दोन्हीकडे पंखवाल्या बायका आणि मधोमध आडवा पहुडलेला पुरुष. आई म्हणाली, "हा तर श्रीरंगपट्टणचा निजलेला रंगनाथ. तिकडे राहूनसुद्धा माझ्या लेकाला देव आठवला." देवघरात लावलं. तेव्हापासून रोज त्याच्या पायाशी तुळस आणि एकच मागणं, रघुनंदनाला घरी आण.

दसऱ्याला तू आलास. दोन दिवस का होईना, तिचा देव पावला. आणि तू देवघरात वाकून पाहिलंस आणि भीमाचार्य पूजेला बसलेले असताना पोट धरून हसलास. "अगं आई, हे थडगं आहे. कुणा श्रीमंत सरदाराचं." खरं तेच बोललास म्हणा. इतक्या वर्षांत खरं बोलायला तुला तोच मुहूर्त सापडला.

तू गेल्यावर भीमाचार्यांनी तिची समजूत घातली. "वैनी, मंत्रालयाच्या मठात आपण स्वामींच्या वृंदावनापुढेच हात जोडतो. तीही समाधीच की."

आई म्हणाली, "तिथे आत स्वामी जिवंत आहेत, आचार्य. इथे कोण आहे?"

मग मीच धडधडीत खोटं बोलले. म्हटलं, अण्णाला काय कळतंय, तो रंगनाथच आहे. तिने ऐकलं नाही. उशाशी मी बसायचं आणि शब्द तुझा खरा, हे आपल्या घरात नवीन नाही. संताप आला मला, अजून येतो.

चित्र तिनेच उतरवलं. नंतर अवरेकाळूच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली, "इतकी वर्षं मेलेल्या माणसाकडे मागत बसले. तो कुणाला घरी आणणार?"

आता ती पूजा करते, मागत काही नाही. रविवारी तुझा फोन आला की स्वयंपाकघरातूनच "बरी आहे म्हणून सांग" म्हणते. ती कामात आहे असं मी तुला सांगते. ती कामात नसते, अण्णा. नुसती ओट्यापाशी उभी असते. पुढच्या वर्षी येतो म्हणालास, तेही सांगितलं तिला. "सवडीने येऊ दे" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या खोलीतली गादी कामवालीला देऊन टाकली.

येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये. पण या घरात आता कुणी तुझी वाट पाहत नाही, हे धरून ये.

तुझी धाकटी,
संपदा