थंड हाताबाबत चौकशी व्हावी

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : माझ्या दिवंगत आईची पद्धत आपल्या रुग्णालयात विनापरवाना वापरली जात असल्याबाबत.
संदर्भ : पुरुष शस्त्रक्रिया कक्ष, खिडकीजवळची खाट.

महोदया,

१. मी निवृत्त वजनमापे निरीक्षक आहे. खोटी वजने पकडण्यात हयात गेली, त्यामुळे गोड बोलण्याला मी भुलत नाही. माझी आई आपल्याच रुग्णालयात परिचारिका होती. तिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत आणि मला सिस्टरांचं पोर. तिला जाऊन बरीच वर्षे झाली.

२. नुकतेच माझे हर्नियाचे ऑपरेशन आपल्याकडे झाले. ऑपरेशनबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी, की मी शुद्धीवर येत असताना दिवसपाळीच्या परिचारिकेने दोन्ही हात कमरेशी ॲप्रनवर खसाखसा घासून गरम केले, कपाळ सोडून बोटांची उलटी बाजू माझ्या कानाखाली टेकवली आणि म्हणाली, "झालं हं, संपलं सगळं." ही हुबेहूब माझ्या आईची पद्धत आहे. शब्दही तिचेच. मला ताप आला की ती असेच करी, आणि ते फक्त माझ्यासाठी आहे अशी माझी आजवर समजूत होती. चोरी मी जागीच पकडली, परंतु सलाईन लावलेले असल्याने पंचनामा करता आला नाही.

३. ही पद्धत मूळची कुठली, हा माझा प्रश्न आहे. वॉर्डातली असेल, तर आई ड्यूटीवरून घरी येऊन मलाही एक पेशंट म्हणूनच उरकत होती, असा अर्थ निघतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी राजा झालो तेव्हा ती वॉर्डात होती. माझे लग्न ठरले तेव्हाही वॉर्डातच. एवढे तरी माझे एकट्याचे असेल, असे मी धरून चाललो होतो. तिला विचारायचे राहून गेले.

४. सदर परिचारिकेला मी आडून आडून विचारले. ती म्हणाली, नवी असताना तिला हे मोठ्या सिस्टरांनीच शिकवले. नव्या मुलींनी गार हाताने पेशंटला धरले तरी मोठ्या सिस्टर रागावत नसत. एवढेच म्हणत, "माझं पोर गार हाताला दचकतं, म्हणून मी असं करते. तुम्हीही करा."

५. हे उत्तर मला फारच सोयीचे आहे, म्हणून त्यावर माझा विश्वास नाही. माझी समजूत काढण्यासाठी रुग्णालयाने तिला पढवून ठेवले असावे. मात्र मी गार हाताला दचकतो, हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. बायकोलाही नाही. ते यांना कोठून कळले, याचा खुलासा व्हावा.

६. पुढे डिस्चार्ज मिळेपर्यंत मी पाळत ठेवली. दुसऱ्या पाळीची परिचारिकाही तेच करते. शेजारच्या खाटेवर आडदांड ट्रक ड्रायव्हर होता, तो कशालाही दचकणारा नव्हे, पण त्यालाही तेच. म्हणजे दचकलो मी, आणि ऊब सगळ्या वॉर्डाला. याबाबत माझी संमती कोणी घेतलेली नाही.

७. सबब विनंती, की ही पद्धत बंद करू नये. फक्त वजनाबद्दल शंका आली की ते पुन्हा काट्यावर घालावे लागते, तशी एक फेरतपासणी व्हावी. माझे टाके निघाले आहेत, तापही नाही. तरी दिवसपाळीच्या सदर परिचारिकेने मला एकदा तपासावे. मी डोळे मिटून घेईन.

सोबत : डिस्चार्ज कार्डाची प्रत. आईचा फोटो जोडलेला नाही, कारण फाइलमधून तो परत मिळेल याचा भरवसा नाही.

दिनांक : टाके निघाल्याचा दुसरा दिवस

आपला नम्र, परंतु अद्याप खात्री न पटलेला,
(सही)
सिस्टरांचं पोर