पेडलवरची रांगोळी

सेलू,
१० फेब्रुवारी २०२५

चि. माधवी,
अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत ठीक असेल, जावईबापू वेळेवर जेवत असतील आणि सोनपेठला सासरी कुणी तुला भरलेली बादली उचलू देत नसेल, असं धरून चालतो. हे फोनवरही बोललो असतो. पण मी फोन घेतला की तुझी आई दाराआड उभी राहते. म्हणून पत्र.

महाशिवरात्र झाली की तुला बाळंतपणाला आणायचं ठरलंय. जीप करायची नाही, लेकीला मी आपल्या फियाटमधून स्वतः आणीन, असं मी चारचौघांत बोलून बसलोय. आता त्या फियाटचं ऐक.

दिवाळीत नवी क्लचप्लेट टाकली होती. तरी पाथरी रोडच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी सरकत नाही, वर जळका वास. घरी येऊन हँडब्रेक ओढला, टॉप गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन जागच्या जागी बंद पडायला हवं होतं. ते आरामात चालू! म्हणजे प्लेट घसरतेय. पेडलचा प्ले, म्हणजे मोकळी चाल, बरोबर लावून पाहिला, तरी तेच.

पहिला संशय चंद्रभान मिस्त्रीवर. जुनीच प्लेट पुसून बसवली असणार. समोर उभा राहून गिअरबॉक्स उतरवायला लावला. प्लेट नवीच निघाली, तेलाचा डागही नाही, पण झिजून पातळ. पेडल दाबलं की प्लेट सोडवणारं रिलीज बेअरिंगही खरखरत होतं. दोन्ही एकदम जातात, कारण चालवणारा क्लचवरचा पाय काढत नाही. मी इतकी वर्षं चालवतोय, मी असं करीन का? दुसरी प्लेट टाकून घेतली आणि ठरवलं, माझ्यामागे गाडी काढणारा शोधायचाच.

तुझा चुलतभाऊ भागवत ट्रॅक्टरवर शिकलेला. त्याच्या ट्रॅक्टरचा क्लच अर्धा दाबला की चाकं थांबतात आणि मागचं रोटाव्हेटर फिरत राहतं. म्हणून त्याचा पाय कायम पेडलवर. किल्ली त्याला तुझी आईच देणार. दुपारी मी पडलो की दोघं कुजबुजतात. विचारलं तर म्हणते, ‘तुमच्या साखरेचं बोलत होतो.’ मला काय कुक्कुलं बाळ समजते?

मग मी गाडी लावली की क्लचच्या पेडलवर आईच्या डब्यातली रांगोळी भुरभुरवू लागलो, कुणी पाय ठेवलाच तर ती विस्कटेल म्हणून. सकाळी पाहावं तर जशीच्या तशी. संशय उलट वाढला. भागवत पठ्ठ्या काम झालं की पुन्हा भुरभुरवत असणार.

काल त्याला अंगणात सरळ विचारलं. त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, ‘काका, आईशप्पत, मी हात लावला न्हाई. चला, तुमी चालवा, मी बाजूला बसतो.’

पाथरी रोडला लागलो, टॉप गिअर पडला.

‘काका, पाय काढा की क्लचवरचा.’

‘काढलाय.’

‘न्हाई काका. खाली बघा.’

पाहिलं. मला वाटत होतं पाय खाली टेकलाय, आणि तो पेडलवर होता. चप्पल सीटखाली गेली होती. कधी निघाली, कळलं नाही.

गाडी बाजूला घेतली. भागवत उतरून माझ्या बाजूला आला. खाली वाकून त्यानं चप्पल माझ्या पायात सरकवली. ती पायात गेली हेसुद्धा मला पाहून समजलं. मला त्याचा राग आला, मग स्वतःचा. मग तू अवघडलेली मागच्या सीटवर बसलीयेस असं डोळ्यांपुढे आलं आणि फार भीती वाटली गं.

मागे तू विचारलं होतंस, साखरेनं पाय बधिर होतात, डॉक्टरला दाखवला का. मी हो म्हणालो होतो. दाखवला नव्हता. उद्या परभणीला जातोय. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही, पण तिला सगळं आधीपासून ठाऊक असावं असा मला दाट संशय आहे.

तुला आणायला गाडी भागवत चालवील. मी शेजारी बसेन. त्याच्याही डाव्या पायावर माझी नजर राहील, सवय कुणाची सांगता येत नाही.

आणि एक. मला पाहून पाया पडायला वाकू नकोस. तुला आता वाकणं झेपत नाही, असं मी तुझ्या सासरी सांगेन. खरं फक्त तुला सांगतो, डाव्या पायाला तुझा हात लागलेला मला कळणार नाही. त्यापेक्षा जवळ येऊन उभी राहा. मी डोक्यावर हात ठेवीन. हाताला अजून सगळं कळतं.

तुझा,
आप्पा