डब्यावरचं बाळ

आई, हे तुला सांगायला मी फार उशीर केला, आणि तूही थांबली नाहीस. इथे परदेशात, वेरिबीतल्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून लिहितेय. साथीमुळे लॉकडाऊन आहे. माझं ऑफिस याच टेबलावर, लेकीची शाळाही याच टेबलावर. माझं काम ऐकून तुला हसू येईल. इथे डॉक्टरने लिहून दिली तर गांजाची औषधं मिळतात, आणि त्यांची पाकिटं नियमात बसतात की नाही हे मी तपासते. लोकांपुढे जाहिरात करायची नाही, पोरांना भुरळ पडेल असं काही छापायचं नाही. तुझा संशयी स्वभाव माझ्यात उतरला, त्याचाच पगार मिळतो म्हण.

गेल्या आठवड्यात चघळायच्या गोळ्यांच्या पाकिटाचं डिझाइन आलं. पिवळंधमक, वर गुबगुबीत आंबा. माझ्या मनात पाल चुकचुकली. आमचा टीम लीड पुण्याचा, माझ्याहून लहान. फोनवर म्हणाला, "अगं, फ्लेवर सांगायला नको का? साइन ऑफ कर, नो वरीज."

"आंब्याला डोळे कशाला?"

"डोळे नाहीत गं ते, हायलाइट्स आहेत."

"आणि हे हसू?"

त्याने विषयच बदलला. मग म्हणाला, "क्लायंट गेला तर आपल्यातलं कोणीतरी घरी बसेल. बघ बुवा." घरी तर सगळे बसलेलेच होतो, पण तो कुणाबद्दल बोलतोय ते कळलं. तेवढ्यात माझी तेरा वर्षांची लेक मागून स्क्रीनमध्ये डोकावली. "ऊ, न्यू लॉलीज?" इथली पोरं गोळ्या-चॉकलेटांना लॉलीज म्हणतात.

मी सही केली नाही. त्या क्षणी मला आपलं कोल्हापूरचं स्वयंपाकघर दिसत होतं. तू तव्यावर तंबाखू भाजतेयस, मला ठसका लागतोय. काळी झाली की कुटून ती मशेरी तू दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात भरतेस. डब्यावर गुटगुटीत बाळ. मी सहा वर्षांची. तू नळावर गेलीस तशी मी चमचाभर तोंडात टाकते. मग घर गरगरायला लागतं, ओकाऱ्या थांबत नाहीत. तू मला पोटाशी धरून रडतेस, आणि मी जरा सावरल्यावर एक सणसणीत थोबाडीत देतेस. "का खाल्लंस?" मी म्हणते, "डब्यावर बाळ होतं." त्याच दुपारी तू विटेचा तुकडा घेऊन ते बाळ खरवडून काढलंस. नुसता पत्रा राहिला. "लेकराला अक्षर कळत नाही, चित्र कळतंय," म्हणालीस. तुला कुठल्या सरकारने सांगितलं नव्हतं. मी आजही त्याच वाक्यावर नोकरी करते.

पाकीट परत गेलं. तेव्हापासून टीम लीड मीटिंगमध्ये माझ्याशी फार गोड बोलतो. त्याच्या रागाची भीती वाटली नसती, या गोडव्याची वाटते. कुठेतरी पाणी मुरतंय.

पण हे पत्र त्यासाठी नाही. बसून बसून माझी पाठ धरलीय, आणि फोनवरच्या डॉक्टरने मलाही गांजाचं तेल लिहून दिलंय. बाटली अगदी नियमातली. पांढरी, कोरी, पोरांना उघडता येणार नाही असं झाकण. काल दुपारी जिभेखाली थेंब घेतले, डोळे मिटले, खांदे सैल सोडले. डोळे उघडले तर लेक समोर उभी.

"माय बॅक हर्ट्स टू, मम. कॅन आय हॅव सम?"

मी तिच्यावर ओरडले. पाठीचं मला खरं वाटेना. मग आवाज उतरवून विचारलं, हे तुला कशाला हवंय गं?

"यू लुक सो हॅपी आफ्टर," ती म्हणाली.

आई, मी तुझ्याशी खोटं बोलले होते. त्या बाळाकडे माझं लक्षही नव्हतं. मशेरी लावून तू मोरीच्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचीस, आणि दिवसभरात तेवढाच वेळ तुझ्या कपाळावर आठी नसायची. मला ते हवं होतं. तू घामाघूम होऊन बाळ खरवडत होतीस, मला दिसत होतं, तरी मी बोलले नाही.

हे पत्र लेकीच्या हाती लागू नये म्हणून फाडून टाकेन. बाटली मी आता बाथरूममध्ये ठेवते आणि आतून कडी लावून घेते. बाहेर यायच्या आधी आरशात बघून कपाळावर आठी आणते.