अप्पांच्या नावाची पाटी

॥ श्री ॥
शिरोली, कोल्हापूर
१२ ऑगस्ट २०२४

चि. दादासो यास अक्काचे आशीर्वाद आणि जयजिनेंद्र. वि. वि.

आरंभीच एक दुःखद वार्ता कळवते. आमच्या पोस्टातली डिंकाची वाटी वारली. तिच्या जागी एक सूचना चिकटवली आहे. ती कशानं चिकटवली असं विचारलं तर खिडकीतल्या बाई मान वर करत नाहीत. एक सबंध संस्कृती अशी आपल्या डोळ्यांदेखत सुटी होत चालली आहे. हे पाकीट मी डब्यातल्या भातानं चिकटवणार आहे, तेव्हा वाटेत उंदरानं कुरतडलं तर दोष सरकारला दे.

फोन कर की अक्का, म्हणशील. फोनवर राग निघून जातो रे. कागदावर टिकतो, आणि हा मला टिकवायचा आहे.

तुमच्या किसुमूच्या गुळाच्या कारखान्यासाठी जो उसाचा मोठा चरक इथून जहाजानं निघतोय, त्याच्या खोक्यांचं काम अरिहंतनं मला दिलं. आपल्या चुलतभावाला तेवढं कौतुक असतं: चरकाचा कारखाना भावाचा, खोकी बहिणीची, असं चारचौघांत सांगतो. काल चरक ट्रेलरवरून माझ्या शेडमध्ये उतरला. मी सवयीनं त्याच्या कुशीवरून हात फिरवला, जिथं अप्पांचं नाव ओतलेलं असतं तिथं. हाताला काही लागलं नाही. साच्यावरचीच अक्षरं तासून काढलीत. वर बोल्टांनी पितळी पाटी बसवली आहे: अरिहंत मगदूम, कोल्हापूर.

मी जाऊन विचारलं. म्हणाला, परदेशी गिऱ्हाइकाच्या लक्षात एकच नाव राहतंय अक्का. आणि अप्पाकाका तसे फिटरच होते की, डोकं सगळं आमच्या तात्यांचं. फिटर. ज्या चरकाच्या पहिल्या चाचणीत आपल्या बापाचं बोट गेलं, त्या चरकाचा फिटर. त्याच्या बापाचं ते डोकं त्या वेळी सावलीत चहा पीत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता माझा बेत ऐक. समुद्रापार जाणाऱ्या खोक्याचं लाकूड भट्टीत तापवून त्यावर शिक्का मारावा लागतो. नाहीतर तिकडच्या बंदरात एक भुंगा सापडला तरी अख्खा माल आल्या वाटेनं परत. भट्टी माझी, शिक्का माझा. शेडमागं आंब्याच्या फळ्या पडल्यात, कान लावला तर आत कुरकुर ऐकू येते. चातुर्मासात भुंगे भाजणं पाप आहे. अरिहंतला बुडवणं पाप असल्याचं मला शास्त्रात सापडलं नाही. तुला सापडलं तर उलट टपाली कळव.

आहे तेवढा लोभ पुरव, वाढवायचा झाला तर मला विचारून.
तुझी अक्का


किसुमू
२९ ऑगस्ट २०२४

ती. राजमती अक्कास धाकट्या दादासोचा सा. न. वि. वि.

पत्र पोहोचलं. पाकिटाबरोबर भाताचं एक शीतही आलं. परदेशात घरचं अन्न म्हणून कपाळाला लावलं.

तासलेल्या नावाचं वाचून माझंही डोकं तापलं. पण अक्का, त्या फळ्या जाळ. तुझा भुंगा अरिहंतला चावायचा न्हाय, मला चावेल. त्याच्या मालाचा विमा आहे. माझा नाही. हा चरक कोल्हापुरातूनच मागवा, असं इथल्या मालकीणबाईंना मीच पटवलं. माझ्या शब्दावर भोवतालच्या बायाबापड्यांनी ऊस लावला. डिसेंबरात चरक फिरला नाही तर तो ऊस उभ्या उभ्या वाळेल, आणि ही माणसं मला काही बोलणार नाहीत. नुसती बघतील. ते मला सोसायचं नाही. नोकरी जाईल ती वेगळीच.

आता एक गंमत. उद्घाटनाला अरिहंत स्वतः येतोय, वर्षाराणी वहिनींना घेऊन. त्यानं मालकीणबाईंना कळवलंय की पाटीवर मखमलीचा पडदा असेल, तो कोल्हापुरातच बांधून येईल, आणि त्याच्या हाताशिवाय कुणी उघडायचा नाही. समारंभ फोनवरून कोल्हापुरात थेट दिसणार. नव्या सुटाचं माप दिलंय म्हणे. तू हे वाचून पान्हा फेकून मारशील म्हणून आधी सांगत नव्हतो.

रागावर पाणी पी, पण माझ्यावरची माया आटू देऊ नको.
तुझा दादासो


॥ श्री ॥
शिरोली
१९ सप्टेंबर २०२४

चि. दादासोस अनेक आशीर्वाद. वि. वि.

बायाबापड्यांच्या उसानं तुझं काम केलं. आंब्याच्या फळ्या चुलीला गेल्या नाहीत, तुझ्या वर्षाराणी वहिनीसारखं माझं काळीज एवढं घट्ट नाही. लांब बांधावर नेऊन ठेवल्या, भुंगे सुखात आहेत. चरकाला चांगलं तापवलेलं लाकूड वापरलं, प्रत्येक खोक्यावर शिक्का ठळक आहे. खाऱ्या हवेनं गंजू नये म्हणून रोलरना ग्रीस असं थापलंय की दिवाळीचं उटणं झक मारेल. माल परवा न्हावाशेव्याला गेला, जहाजात चढला.

काल क्षमावाणी झाली. बस्तीत, देवाच्या दारात, अरिहंत सगळ्यांदेखत माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. वर्षाराणी फोनवर चित्रण करत होती. कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा, म्हणाला. मी म्हटलं, नकळत चुकलेलं सगळं माफ. तो हसला. त्याला वाटलं, संपलं.

त्या मखमलीचं सांगते. लाल कापड त्यानंच आणलं, चांगलं भारीतलं, खाली गोंडा. निघण्याआधी चरकाची पूजा झाली, हार घातला, फोटो निघाले. मग पाटीवर मखमल तूच बांध अक्का, तुझा हात बसलाय, असं सांगून तो जेवायला गेला. जेवायला गेला, बघ. माझ्याबरोबर फक्त आपले लालासाब होते, खोक्यांचे सुतार. अप्पांच्या हाताखाली शिकलेला माणूस. त्यांनी ओळखीच्या ओताऱ्याकडून काय घडवून आणलं होतं ते विचारू नको. उद्घाटनाला पुढच्या रांगेत उभा राहा म्हणजे झालं.

सुट्या भागांच्या पेटीत तळाला अरिहंतची एक वस्तू ग्रीस लावून ठेवली आहे. ती त्याची त्याला दे. दुसऱ्याचं ठेवून घ्यायची आपल्यात रीत नाही.

लोभ कर, आणि तोंड मिटून कर.
अक्का


किसुमू
९ डिसेंबर २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

काल उद्घाटन झालं. मांडव माणसांनी भरलेला. अरिहंतनं भाषण केलं, इंग्रजीत. हे यंत्र एका माणसाच्या घामातून उभं राहिलंय, म्हणाला, आणि त्या माणसाचं नाव आता तुम्ही वाचाल. वर्षाराणी वहिनींनी फोन उंच धरला. त्यानं गोंडा ओढला.

भाऊसो मगदूम, फिटर, कोल्हापूर.

तो फिटर शब्द तूच घालायला लावलास, व्हय ना? मला हसू आवरेना आणि रडूही. लोक टाळ्या वाजवत राहिले. मालकीणबाईंनी विचारलं, हे कोण. कोल्हापुरातले सगळे पावणे फोनवरून बघत होते, कोल्हापूरच ते, कान टवकारूनच बसलेलं. अरिहंतनं एकदा वहिनींच्या फोनकडं पाहिलं. मग त्याला म्हणावं लागलं की माझे काका, हा चरक त्यांनी बनवला. बघ, त्याच्याच तोंडून. ऊसवाल्या बायांनी त्याच्या गळ्यातला हार मागून घेतला आणि पाटीला घातला.

संध्याकाळी तो पान्हा शोधत आला. मालकीणबाई म्हणाल्या, हमीच्या मुदतीत यंत्राच्या एका बोल्टालाही कुणी हात लावायचा नाही, तसं तुमच्याच करारात आहे. त्याची पाटी मी त्याच्या हातात दिली. त्यानं ती सुटाच्या खिशात घातली. खिसा ग्रीसनं माखला.

चरक फिरतोय अक्का. पहिल्या रसाचा पेला मी अप्पांच्या नावासमोर धरला. तुझं समाधान झालं का?

माया अशीच धारदार राहू दे.
दादासो


॥ श्री ॥
शिरोली
२३ डिसेंबर २०२४

चि. दादासोस आशीर्वाद. वि. वि.

समाधान झालं. अजून थोडं मावेल एवढी जागा आहे.

अरिहंत परत आला. शेडच्या दारात उभं राहून म्हणाला की यापुढं माझ्या कारखान्याचं एक खोकं तुझ्याकडं यायचं न्हाय. मी जयजिनेंद्र म्हटलं. निम्मं काम गेलं. लालासाबना सांगितलं तर ते म्हणाले, इचलकरंजीवाल्यांचे यंत्रमाग परदेशी निघालेत, खोकी त्यांनाही लागतीलच की बाई. उद्या जाऊन येते. मला पश्चात्ताप वगैरे विचारू नको, आमच्याकडं तो माल ठेवत नाही. बाजारात बायका मला थांबवून फिटरची लेक का म्हणून विचारतात, आणि मी हो म्हणायला वेळ लावते, म्हणजे अजून चारजण ऐकतात.

एक तुला सांगायचं राहिलं होतं. ओताऱ्यानं पाटी जाड ओतली होती, जुने बोल्ट आखूड पडले. तेव्हा लांब चार बोल्ट मी अरिहंतच्या स्टोअरमधून उचलले होते. काल तसलेच चार नवे आणले, तेल लावलं आणि जाऊन स्टोअरच्या त्याच खणात ठेवून आले. स्टोअरवाल्यानं विचारलं, काय पाहिजे. म्हटलं, काही नको.

अक्का